सर्व्हर डाऊन, लाइट चालू

नायगावात सॉफ्टवेअरचे दोनच प्रकार मानले जातात. एक, लाइट गेली की बंद पडणारं. दुसरं, लाइट असूनही बंद पडणारं. पहिल्यावर उपाय आहे. इन्व्हर्टर घ्या, नाहीतर लाइट येईस्तोवर चहा पिऊन या. दुसऱ्यावर उपाय नाही, कारण ते नेमकं कुठं बंद पडलंय हेच कुणाला सांगता येत नाही. पुण्यात, मुंबईत, दिल्लीत, की आणखी कुठल्या एसीच्या खोलीत? आपण आपले नांदेड-देगलूर रस्त्यावरच्या पत्र्याच्या दुकानात उभे. पंखा गरगरतोय, ट्यूब लख्ख आहे, प्रिंटर हिरवा दिवा लावून तयार आहे, आणि पोरगा मान वर न करता सांगतो, "सर्व्हर डाऊन हाय, मामा."

"कव्हा येतंय?"

"येऊलालंय."

शिकलेली माणसं याच दोन प्रकारांना भारदस्त नावं देतात. पहिलं डेस्कटॉपचं: कॉम्प्युटरात सीडी घालून टाकलेलं, त्याच मशीनसाठी, त्याच विंडोजसाठी लिहिलेलं. दुसरं वेबचं: ब्राउझरात उघडायचं, मग समोर विंडोज असो, मॅक असो की हमालाच्या खिशातला मोबाइल, सगळीकडं सारखंच. आमच्या गल्लीतला एक पोरगा हिंजवडीत नोकरीला आहे. दिवाळीला आला की ओट्यावर बसून तो हे सगळं मोठ्या उत्साहानं समजावून सांगतो. "एकदा लिहायचं, सगळीकडं चालवायचं," हे त्याचं ब्रीद. खरं तर ही सन मायक्रोसिस्टिम्सची जाहिरात. १९९५ साली त्यांनी जावा भाषा बाजारात आणली तेव्हाची. प्रोग्रामर मंडळींनी तिला लगेच जोडवाक्यही दिलं होतं की एकदा लिहा आणि सगळीकडं दुरुस्त करत बसा. पोरानं पहिलं वाक्य तेवढं पाठ केलंय. दुसऱ्या वाक्यावर त्याचा पगार चालतो.

त्याच्या ब्रीदाला गावात एकच माणूस मानत नाही, ते म्हणजे जुने डीटीपीवाले काका. काकांच्या दुकानात अजून विंडोज एक्सपी चालते. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४मध्येच तिच्यावरचा हात काढून घेतला. पण ही बातमी त्या मशीनपर्यंत पोचलीच नाही, कारण तिला नेट जोडलेलं नाही. तिच्यात पेजमेकर आहे. अल्डस कंपनीनं ते १९८५मध्ये काढलं, १९९४मध्ये अडोबीनं ती कंपनीच गिळली, २००१मध्ये ७.० ही आवृत्ती आली आणि तिथंच पेजमेकरचा वंश खुंटला. काकांना त्याचं दुःख नाही. "नवं आलं असतं तर नवं शिकावं लागलं असतं," एवढंच ते म्हणतात.

पेजमेकरच्या जोडीला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आणि श्रीलिपीचं डोंगल. ते सीपीयूच्या पाठीत खोचलेलं, त्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर दर दसऱ्याचं हळदकुंकू. थर मोजले तर दुकानाचं वय निघेल. डोंगल हललं की अक्षरं बंद. नायगावातली छापील मराठी कित्येक वर्षं त्या बोटभर प्लास्टिकच्या भरवशावर होती, आणि तिचा राखणदार एकच, काकांचा उजवा अंगठा, जो दर सकाळी ते डोंगल आत दाबून बघायचा.

चालायचं मात्र झपाट्यानं. काकांची बोटं पडद्याच्या पुढं धावायची. गिऱ्हाईक "॥ श्री गणेश प्रसन्न ॥" म्हणेस्तोवर गणपती जागेवर बसलेला, चि. आणि चि. सौ. कां. समोरासमोर उभे. "कृपया थांबा" असं ते मशीन काकांना कधी म्हणालं नाही. उलट काकाच गिऱ्हाइकाला म्हणायचे.

घोळ व्हायचा तो फाइल दुकानाबाहेर पडली की. श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी कळांच्या घरात भाड्यानं राहतात. 'क'ला तर इंग्रजी एच आणि त्याच्या शेजारी डॉलरची खूण, एवढी दोन खोल्यांची जागा लागते. फाँट असला तर 'क' दिसतो. पेनड्राइव्ह घेऊन नांदेडच्या प्रेसात गेलात आणि तिथं तो फाँट नसला, तर प्रत्येक 'क'च्या जागी डॉलर उगवतो. मुलीच्या बापाच्या आडनावात दोन 'क' असले तर पत्रिकेत दोन डॉलर. व्याह्यांच्या नजरेला पडलं असतं तर देण्याघेण्याची बोलणी नव्यानं काढावी लागली असती.

आता काकांच्या समोरच्याच गाळ्यात एक पोरगा बसतो. त्याच्याकडं कॉम्प्युटरच नाही. मोबाइलवर कॅनव्हा उघडतो. २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ही वस्तू नायगावच्या लग्नसराईत अशी मुरलीय की जणू नरसीच्या चौकातच काढली होती. इथं डॉलर उगवत नाही, कारण युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचं घर मिळालंय. प्रूफ बघायला खेड्यावरून एसटीनं यावं लागत नाही. पोरगा लिंक पाठवतो, जिथं असाल तिथं उघडा आणि दुरुस्त करा.

त्या 'दुरुस्त करा'नंच घात केला. मागच्या लग्नसराईत एका घरच्या पत्रिकेची लिंक भावकीच्या ग्रुपवर पडली, आणि लिंक असेल त्याला खाडाखोडीची मुभा होती. संध्याकाळी मुखेडच्या चुलत्यानं स्वतःचं नाव दोन ओळी वर सरकवलं. ते उमरीच्या मामानं पाहिलं आणि स्वतःचं नाव जिथं होतं तिथंच ठेवून ठळक केलं. आत्याबाईंनी पुण्यातून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली तीन लेकरं वाढवली. त्यातलं एक अजून व्हायचं होतं. रात्री कुणीतरी मागचा रंग गुलाबी केला. सकाळी नवऱ्या मुलाच्या बापानं पत्रिका उघडली तेव्हा निमंत्रकांत त्यांचा नंबर चौथा होता आणि लग्नाचा मुहूर्त गणपतीच्या सोंडेखाली गेला होता.

काका हे सगळं समोरच्या गाळ्यातून बघत होते. त्यांचं म्हणणं असं की दुकानात एकच कीबोर्ड होता म्हणून भावकी टिकून होती. ज्याला नाव वर पाहिजे त्यानं भरल्या दुकानात यावं, चारचौघांत बसावं आणि तोंडानं सांगावं, "माझं नाव वर घ्या." पाचातले चार लाजेनंच परत जायचे. वेबनं ती लाजच काढून टाकली.

कॅनव्हाच्या पोराचं उत्तरही तयार होतं. "काका, तुमच्या मशीनची हार्डडिस्क उडली तव्हा काय झालतं?" काका गप्प बसले. त्या साली गावातल्या निम्म्या लग्नांच्या, साऱ्या जयंत्यांच्या आणि एका सहकारी संस्थेच्या अहवालाच्या फाइली एका दुपारीत गेल्या. काकांनी सीपीयू चादरीत गुंडाळला, एसटीत खिडकीशेजारच्या सीटवर बसवला, कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट फाडलं आणि काका त्याला मांडीनं आधार देत नांदेडला गेले. मेकॅनिकनं उघडून पाहिलं, सांत्वन केलं, पैसे घेतले. पण फाइली गेल्या कुठं आणि शिव्या द्यायच्या कुणाला, एवढं तरी काकांना ठाऊक होतं. मेकॅनिकचं दुकान वजिराबादेत होतं आणि ते संध्याकाळी सातपर्यंत उघडं असायचं.

मोंढ्यातल्या आडतीवरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं मुनिमाच्या बोटांत टॅली आहे. १९८६ साली बंगळुरूच्या गोयंका बापलेकांनी सुरू केलेलं हे घराणं आजही कॉम्प्युटरात टाकायचंच सॉफ्टवेअर आहे. सोयाबीनची पट्टी करताना मुनीम पडद्याकडं बघतच नाहीत. डोळे काट्यावर, कान हमालाकडं, आणि बोटं आपली आपण चालतात. एफ फाइव्ह म्हणजे पैसे दिले, एफ सिक्स म्हणजे आले, एफ एट विक्री, एफ नाइन खरेदी. सगळं झालं की कंट्रोल ए, नोंद पक्की. आख्ख्या मोसमात माउसला हात लागत नाही. त्याच्यावर भुसा साचतो.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि याच मुनिमांना ब्राउझरात बसावं लागलं. एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. त्यांनी भरला, सगळी रकान्यांची रांग, डोळे मिचकावत. पैसे भरल्याचा रकाना आला आणि वीस वर्षांच्या सवयीनं बोट एफ फाइव्हवर गेलं. ब्राउझरात एफ फाइव्ह म्हणजे पान पुन्हा पहिल्यापासून उघडा. फॉर्म कोरा. मुनिमांनी पुन्हा भरला. या वेळी शेवटच्या खुलाशाच्या चौकटीत चार ओळी लिहिल्या आणि नोंद पक्की करायला कंट्रोल ए दाबलं. ब्राउझरात त्याचा अर्थ, सगळं निवडा. चारही ओळी निळ्या झाल्या. मुनिमांना वाटलं, मंजूर झालं. पुढचं बटण दाबलं आणि चार ओळींच्या जागी एकच अक्षर उरलं.

मुनीम त्या दिवशी एवढंच बोलले, "हे कुणा एकाचं नाही, म्हणून कुणाच्या बोटात बसंना." वेबची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर त्या मशीनच्या कळा ओळखतं, तिच्या प्रिंटरशी थेट बोलतं, डिस्कच्या कोपऱ्यात आपलं बिऱ्हाड मांडतं. वेबचं बिचारं दर वेळी पाहुणं. यजमान ब्राउझर. एफ फाइव्हवर पहिला हक्क यजमानाचा.

यावर हिंजवडीवाल्यांनी तोडगा काढला तो तर थोरच. ब्राउझरात गैरसोय होते ना, मग प्रत्येक अ‍ॅपला त्याचा स्वतःचा ब्राउझरच देऊन टाकू! गिटहबनं २०१३मध्ये अ‍ॅटम नावाच्या एडिटरसाठी ही युक्ती बांधली, तिचं नाव इलेक्ट्रॉन. अ‍ॅपच्या पोटात आख्खा क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच सांगाडा. वरून दिसायला डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर, आतून वेबचं पान. स्लॅक, डिस्कॉर्ड, व्हीएस कोड, सगळे याच कुळातले. लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं आपापली चूल, आपापला सिलिंडर आणि आपापला आचारी बरोबर आणावा, आणि शेवटी पाचही जणांनी चहाच करावा, तसा हा प्रकार. मांडवात गर्मी होणारच. हिंजवडीच्या पोराचा सोळा जीबीचा लॅपटॉप ओट्यावर ठेवला की पंखा असा घोंगावतो की शेजारची म्हातारी विचारते, "काय करलालास रे? गिरणी लावलास का?" गंमत म्हणजे ज्या अ‍ॅटमसाठी हे सगळं मांडलं, तो एडिटर डिसेंबर २०२२मध्ये गिटहबनं बंद केला. त्याच्या पोटातला इलेक्ट्रॉन मात्र घरोघरी राहिला.

मोठ्या लोकांचंही यात कधी एकमत झालेलं नाही. २००७मध्ये आयफोन आला तेव्हा स्टीव्ह जॉब्जनं प्रोग्रामरांना सांगितलं की तुम्ही वेबचीच अ‍ॅप करा, तेवढी पुरेत. वर्ष उलटून गेलं तोच, जुलै २००८मध्ये, अ‍ॅपलनं अ‍ॅप स्टोअर उघडलं आणि फोनमध्येच टाकायच्या अ‍ॅपांची रांग लागली. फेसबुकनं उलटं केलं. एकच वेबचं अ‍ॅप सगळ्या फोनांवर चालवू म्हणाले, ते रखडलं, आणि २०१२मध्ये मार्क झुकेरबर्गनं जाहीर कबूल केलं की एचटीएमएल फाइव्हवर एवढी भिस्त ठेवणं ही आमची सगळ्यांत मोठी चूक. तोवर आयफोनचं अ‍ॅप नव्यानं, खास आयफोनसाठी लिहूनही झालं होतं. पुढं २०१५मध्ये त्याच फेसबुकनं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह काढलं, म्हणजे एकदा लिहायचं आणि दोन्हीकडच्या फोनांवर चालवायचं! हे ऐकून डीटीपीवाले काका म्हणाले, "म्हंजी ह्यांचंबी सर्व्हर डाऊन-अप होत राहतंय म्हना की."

तरी वेबच्या बाजूनं बोलायचं ते बोललंच पाहिजे. पूर्वी सातबारा पाहिजे तर आधी तलाठी हुडकावा लागायचा. एकाच माणसाकडं चार-पाच गावं. तो मांजरममध्ये असेल असं ऐकून जावं तर तो कुंटूरला, आणि कुंटूरला जावं तर मीटिंगला. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळायला लागला. मोबाइलवरही निघतो. याचं मोल ज्यानं पीककर्जासाठी तलाठ्यामागं चपला झिजवल्या त्यालाच कळतं. हे काम एका मशीनच्या एका डोंगलात अडकवून चाललंच नसतं.

पण सहीचा विषय निघाला आणि वेबचं पितळ उघडं पडलं. तहसीलच्या रस्त्यावरच्या ऑनलाइन सेंटरात जाऊन बघा. बोर्डावर लिहिलंय 'सर्व कामे ऑनलाइन'. आत टेबलावर काय काय आहे? अंगठ्याचं मशीन, सहीचा टोकन, वेबकॅम, आणि यांतल्या बहुतेकांसाठी कॉम्प्युटरात टाकलेलं एकेक छोटं सॉफ्टवेअर. ब्राउझरला आपणहून अंगठ्याच्या मशीनला हात लावता येत नाही. म्हणून आधारच्या ठशासाठी 'आरडी सर्व्हिस' नावाचा एक कार्यक्रम त्याच कॉम्प्युटरात चालू ठेवावा लागतो. जगात कुठंही चालणारं ते पोर्टल मग त्याच टेबलाखालच्या डब्यात ११,१०० नंबरच्या दारापासून ११,१२०पर्यंत दार वाजवत फिरतं, "ठसेवाले आहेत का घरात?" ठसेवाले झोपलेले असले की सगळं ऑनलाइन काम ठप्प. पोरगा वायर काढतो, फुंकर मारतो, पुन्हा लावतो. एवढं सारं जग जोडून झालं आणि शेवटचा इलाज तोच, फुंकर.

त्यात ठसा देणारं बोट कापूस वेचणाऱ्या बाईचं. बोटांवरच्या रेघाच झिजलेल्या. पोर्टल म्हणतं मशीनची चूक, मशीन म्हणतं बोटाची चूक, बोट कुणालाच काही म्हणत नाही. २०२४च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे फॉर्म आले तेव्हा आधी ते 'नारीशक्ती दूत' या मोबाइल अ‍ॅपवर भरायचे होते, ऑगस्टात वेब पोर्टल आलं. तज्ज्ञ लोक ज्याला नेटिव्हकडून वेबकडं स्थलांतर म्हणून भाषणं देतात, ते नायगावच्या बायांनी एका महिन्यात, डोईवर पदर आणि हातात आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन, रांगेत उभ्याउभ्या करून दाखवलं.

'कुठंही चालतं' या म्हणण्याचीही एक बखर आहे. वेब म्हणजे कुठल्याही ब्राउझरात चालणार, असं म्हणता म्हणता कित्येक संकेतस्थळांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की हे फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा. २०१५मध्ये क्रोमनं जावाचं प्लगइन बंद केलं तेव्हा त्याच्यावर चालणाऱ्या सहीच्या कामांची धांदल उडाली. जून २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोररलाही निरोप दिला. पण त्याच्यावाचून अडलेली कामं एवढी, की एज या नव्या ब्राउझरच्या पोटात 'आयई मोड' म्हणून त्याला जागा करून द्यावीच लागली. म्हणजे वेबलाही शेवटी एक ठरलेलं मशीन, एक ठरलेली खिडकी आणि जपून ठेवलेली जुनी आवृत्ती लागलीच. काकांची एक्सपी आणि हे यांत फरक तो काय? काकांच्या एक्सपीला दसऱ्याला हळदकुंकू मिळतं.

इंजिनिअर लोक या भांडणात वेग मोजतात, मेमरी मोजतात, पडद्यावरचं बटण किती गोल आहे ते बघतात. मोजू द्या. नायगावचा सवाल एकच आहे: बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं? काकांचं मशीन बिघडलं तर काकांच्या दारात. गिऱ्हाईक तिथं आवाज चढवायचं, काका दुप्पट चढवायचे, मग दोघं चहा प्यायचे आणि उद्या पत्रिका मिळायची. आता सर्व्हर डाऊन झालं की आवाज चढवायला समोर कुणीच नाही. सेंटरचा पोरगा हात वर करतो आणि त्याचं खरंही असतं. टोल फ्री नंबरवर बाई सांगते की आपला कॉल महत्त्वाचा आहे, आणि पेटी वाजायला लागते. सर्व्हरइतका सोशिक गडी सरकारला, कंपनीला आणि दुकानदाराला दुसरा मिळाला नसता. शिव्या सगळ्यांच्या खातो, आणि त्याला कुणी पाहिलेलं नाही.

काकांनी अलीकडं तडजोड केलीय. एक्सपीच्या शेजारी नवा कॉम्प्युटर मांडला, त्याला नेट जोडलं, पुतण्याला बसवलं. दोन्ही मशीनमध्ये हातभर अंतर आहे आणि पेनड्राइव्हशिवाय त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. दुकानावर नवा बोर्ड लागलाय. वर फ्लेक्सवर, रंगीत: 'येथे सर्व प्रकारची ऑनलाइन कामे केली जातील.' त्याखाली काकांनी पेंटरकडून ब्रशनं लिहून घेतलंय: 'सर्व्हर डाऊन असल्यास भांडू नये. अर्ज हाताने लिहून मिळेल. पेन स्वतःचा आणावा.'

हिंजवडीचा पोरगा दिवाळीला आला तेव्हा त्यानं या बोर्डाचा फोटो काढून नेला. त्याच्या कंपनीत याला डिझास्टर रिकव्हरी म्हणतात आणि त्याचं बिल वेगळं लावतात.